दोन जहाजांमधले चौदा दिवस

स्टुटगार्ट, 8 फेब्रुवारी

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला डायरीच्या पानाचा फोटो मी छापून फ्रिजवर लावलाय. आठवडाभर येता-जाता वाचते आहे. 20 जूनला पहिलं जहाज तुम्हाला रोमच्या बंदरात, चिवितावेक्कियाला उतरवणार, 4 जुलैला दुसरं अथेन्सच्या बंदरातून, पिरेयसहून निघणार. मधल्या चौदा रात्रींत रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान, तिथून विमानानं अथेन्स, मग मिकोनोस, सांतोरिनी, परत अथेन्स. प्रत्येक गावापुढे गाडीची वेळसुद्धा लिहिली आहे. त्यामागे किती रात्री बसला असाल ते मला कळतं, म्हणून फोनवर घाईनं काही न बोलता पत्रच लिहायला घेतलं.

मला ही यादी नको वाटते.

2019 च्या ग्रुप टूरचे फोटो परवा पुन्हा काढून बसले होते. बारा दिवसांत अकरा शहरं. प्रत्येक फोटोत बाबा उभे आहेत आणि आई बसलेली आहे. कधी कठड्यावर, कधी पायरीवर, एकदा तर बॅगेवर. पाय किती सुजले होते ते आम्हाला तुम्ही कोल्हापुरात पोचल्यावर कळलं. आई, "सगळी बस माझ्यासाठी कशी थांबवायची?" एवढंच तू म्हणालीस. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. यंदा बस नाही, तिचा झेंडेवाला नाही. मग घाई कुणासाठी करायची?

आधी खर्चाचं आणि गर्दीचं बोलते. सांतोरिनी तुमच्या दुसऱ्या जहाजाच्या वाटेवरच आहे. जून ते सप्टेंबर तिथे उतरणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला माणशी 20 युरो कर आहे, तो तुम्ही भरणारच आहात. त्याच बेटावर आठवडाभर आधी वेगळा खर्च करून कशाला जायचं? तुमच्या तारखांना मी तिथल्या खोल्या पाहिल्या, बऱ्यापैकी जागा दोनशे युरोच्या आत मिळेना. व्हेनिस, फ्लॉरेन्सला जूनअखेर दगड तापलेले असतात आणि रांगा उन्हात असतात. ती शहरं थोर आहेत, पण त्यांच्यासाठी नोव्हेंबर किंवा मार्च चांगला. तेव्हा आलात तर मी स्वतः घेऊन जाईन.

मला जे सुचतं ते असं. उन्हाळ्यात दक्षिण युरोप सगळा समुद्राकडे धावतो, तेव्हा आपण डोंगराकडे जायचं. इटलीची आणि ग्रीसची मोठी सुट्टी ऑगस्टात, 15 ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाभोवती असते. त्या दिवसांत डोंगरातली गावंही भरतात. जूनचा शेवटचा आठवडा त्यामानानं मोकळा. नेमका तोच आपल्या हातात आहे.

रोम दोन रात्री. बंदराच्या फाटकापासून बसनं स्टेशन, तिथून साधी लोकल गाडी. भाडं पाच युरोच्या आसपास, आधी आरक्षण लागत नाही. कागदी तिकीट मात्र फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड. रोममध्ये सकाळी सातला बाहेर पडायचं आणि अकराला खोलीवर परत यायचं. पुन्हा संध्याकाळी सहानंतर. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी गार आणि पिण्याजोगं, बाटली तिथेच भरायची. कलोसियम बाहेरून पाहू, पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ आतून. त्याला 5 युरो तिकीट आहे आणि ते वसूल होतं. घुमटाच्या मधोमध उघडं भोक आहे, तिथून पडणारा उजेड भिंतीवरून सरकताना बाबांना पाहायचाच आहे, हे मला शाळेपासून माहीत आहे.

मग रेल्वेनं बारी, साधारण चार तास. हे तिकीट आजच काढायला हवं, कारण लांबच्या जलद गाड्यांचं भाडं तारीख जवळ येईल तसं चढतं. मी तुम्हाला बारीच्या स्टेशनवर भेटेन. फलाटावरच उभी असेन, बॅगा उचलू नका. एक रात्र बारीत. जुन्या गावाच्या एका गल्लीत बायका दारात पाट मांडून कानाच्या पाळीसारखा पास्ता हातानं वळत बसतात. आई, तू तिथे अर्धा तास थांबशील याची मला खात्री आहे. दुसऱ्या रात्री फेरी. संध्याकाळी चढायचं, केबिनमध्ये झोपायचं, पहाटे ग्रीसच्या इगुमेनित्सा बंदरात उतरायचं. घड्याळ एक तास पुढे. केबिनचं भाडं बघून बाबा डेकवरच्या खुर्चीचं नाव काढतील. ते मी ऐकणार नाही. त्या पैशात प्रवासही होतो आणि रात्रीचा मुक्कामही.

आणि मग ग्रीसमधलंच यानिना हे गाव, सहा रात्री, एकाच खोलीत. बॅग एकदाच उघडायची.

हे नाव मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडून कळलं. 1960 साली पश्चिम जर्मनीनं ग्रीसशी कामगार आणण्याचा करार केला, त्यानंतर आलेल्या हजारो लोकांत त्या होत्या. माहेर यानिनाजवळच्या एका खेड्यात. गेल्या जूनमध्ये मी तिथे गेले आणि दुसऱ्याच संध्याकाळी मला रंकाळा आठवला. गावाला लागून तलाव, तलावात शिरलेला किल्ला, काठाकाठानं झाडांखालून सपाट रस्ता, आणि सगळं गाव उन्हं उतरल्यावर फिरायला बाहेर. म्हातारी माणसं बाकावर, मुलं सायकलवर. कुणाला कशाची घाई नाही. दुपारी ऊन असतंच, पण गाव जवळजवळ 480 मीटर उंचीवर आहे, रात्री शाल लागते. आई, शाल आण.

तलावात एक बेट आहे. होडीनं दहा मिनिटं, भाडं किरकोळ. बेटावर मोटारी नाहीत. ज्या मठात अली पाशाला 1822 च्या जानेवारीत मारलं, तो तिथेच आहे. सुलतानाचा हा सुभेदार इतका माजला की सुलतानानंच फौज धाडली. ही गोष्ट बाबांनी मला सांगावी, मी वाचून आलेली असले तरी. बेटावरच्या खानावळींपुढे काचेच्या टाक्यांत मासे आणि बेडूक ठेवलेले असतात. आई, तिथून आपण सरळ पुढे जाऊ. किल्ल्यात जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. इथल्या ज्यूंची भाषा ग्रीक, चालीरीती स्वतःच्या, आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांसारखी जुनी रुजलेली वस्ती. 25 मार्च 1944 ला नाझींनी त्यांना गाड्यांत भरून नेलं. परतले ते मोजके. त्या दारासमोर मी बराच वेळ उभी होते.

सहापैकी दोनच दिवस मी गाडी भाड्यानं घेणार. एक झागोरीसाठी. डोंगरातली 46 दगडी गावं, 2023 पासून जागतिक वारशाच्या यादीत. किपीजवळचा 1750 सालचा कमानीचा पूल रस्त्यावरूनच दिसतो, चढायला लागत नाही. दुसरा दिवस मेत्सोवो या गावाचा, तिथलं धुरावलेलं चीज बाबांसाठी. उरलेले चार दिवस काहीही ठरवलेलं नाही, आणि कृपा करून ठरवू नका.

आई, जेवणाची काळजी सोड. इटलीत सुपात मांसाचं पाणी आहे का ते विचारावं लागतं. ग्रीसमध्ये तुला उपयोगी पडेल असा एक शब्द आहे, 'निस्तीसिमो'. म्हणजे त्यांच्या उपासाला चालणारं, ज्यात मांस, अंडं, दूध काही नाही. उपासाला मासा चालत नाही, पण कोळंबी-माकुल चालतं, म्हणून तेवढं वेगळं विचारायचं. टोमॅटोत रस्सेदार भाजलेली डबल बी, भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण वर कांदा घालून, रानभाज्या भरलेला पापुद्र्यांचा, पॅटिससारखा पदार्थ. आजी तो मला दर महिन्याला करून देतात. तिखट नसतं काही, तेव्हा कांदा-लसूण चटणीची बरणी आण आणि भडंगही. पण तूप, पेढे, खवा आणू नकोस. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

यानिनाहून बसनं कलंबाका, दोन रात्री. तिथले मेतेओराचे मठ तुम्हाला माहीत आहेत, उभ्या सुळक्यांवर बांधलेले. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत संन्यासी माणसांना जाळ्यात बसवून दोरानं वर ओढायचे. आज सहा मठ चालू आहेत. मोठ्या मठाला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तिथे बाबा आणि मी जाऊ. आई, तुझ्यासाठी आगिओस स्तेफानोस. रस्त्यावरून एक छोटा पूल ओलांडला की थेट आत. जेजुरीला गेल्या वर्षी अर्ध्यातून परत फिरलीस तसं इथे होणार नाही. देवळात साडी उत्तम, पँट घातलेल्या बायकांना तिथे वरून स्कर्ट गुंडाळावा लागतो.

शेवटच्या दोन रात्री अथेन्स. अक्रोपोलिसचं सकाळी आठचं तिकीट काढते, 30 युरो. गेल्या काही उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेत ते दुपारी बंदच ठेवावं लागलं. चालायला त्रास असलेल्यांसाठी लिफ्ट आहे, मी आधी फोन करून ठेवीन.

बाबा, हिशेब वेगळ्या कागदावर जोडलाय. यानिनात स्वच्छ साधी खोली साठ-सत्तर युरोत आहे. ग्रीसमध्ये खोलीमागे रोजचा कर जागेवर भरावा लागतो. दोन तारांकित हॉटेलला 2 युरो, भाड्याच्या फ्लॅटला 8. म्हणून फ्लॅट स्वस्त दिसला तरी आधी बेरीज करा.

व्हिसाचं मात्र आजच बघा. एजंटनं सिंगल एंट्री सांगितलं असेल तर ऐकू नका. दुसरं जहाज तुर्कस्तानात कुशादासीला थांबून परत ग्रीसला येतं, म्हणजे शेंगेनबाहेर, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, जाऊन पुन्हा आत. मल्टिपल एंट्रीच हवा. फी दोन्हीला तीच, 90 युरो. जास्त दिवस ग्रीसमध्ये असल्यामुळे अर्ज ग्रीसकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, म्हणजे खिडकी कधीच उघडली आहे. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. तुमच्या वयाला मी त्याहून मोठा घेणार आहे आणि तो मी भरणार आहे. यावर चर्चा नको.

आई, आता फक्त तुझ्यासाठी. परवा फोनवर "मला काय, तुम्ही न्याल तिथे येईन" म्हणालीस. चाळीस वर्षं तू हेच म्हणत आली आहेस आणि आम्ही सगळे ते खरं मानत आलो. या चौदा दिवसांत तुला काय बघायचंय, की काहीच न बघता नुसतं तलावाकाठी बसायचंय, ते एका कागदावर लिही. बाबांना दाखवू नकोस, आधी मला पाठव. तुझा कागद आल्याशिवाय मी बारीचं तिकीट सोडून दुसरं काही काढणार नाही.

तुमची,
धाकटी