आसामला एकच रंग कसा चालेल?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत भारतातल्या भाषांचा जो नकाशा छापलाय त्याबद्दल लिहितोय. अख्खा आसाम एकाच हिरव्या रंगात, वर 'असमिया' लिहिलंय आणि राज्याची हद्द संपली की रंगही संपला. नोकरीनिमित्त काही वर्षं गुवाहाटीत होतो, त्यामुळे हे बघून गप्प बसवलं नाही.

२०११ च्या जनगणनेत आसामात असमिया भाषिक ४८ टक्के निघाले, म्हणजे निम्म्याहून थोडे कमीच. बंगाली २९ टक्क्यांच्या आसपास. खाली बराक खोऱ्यात, सिलचर हैलाकांडीकडे, सिल्हेटी वळणाची बंगाली बोलतात, आणि १९६० साली असमिया राज्यभाषेचा कायदा झाल्यावर तिथे आंदोलन पेटलं, १९ मे १९६१ ला सिलचर स्टेशनवर पोलीस गोळीबारात ११ जण गेले, आजही तिथली माणसं दरवर्षी तो दिवस पाळतात. त्यांच्या गावावर तुम्ही 'असमिया' छापलंय हो! शिवाय कोक्राझारकडे बोडो, डोंगरात कार्बी आणि दिमासा, माजुलीत मिसिंग, चहाच्या मळ्यांत सादरी. बोडो तर २००३ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत आली, तरी नकाशात तिचं नावसुद्धा नाही.

पण यात असमियावरही अन्यायच होतोय. १८३६ पासून १८७३ पर्यंत तिथल्या कोर्टात आणि शाळेत इंग्रजांनी बंगाली चालवली, भाषा परत मिळवायला तिथल्या लोकांना किती झगडावं लागलं, म्हणून नकाशातल्या रंगाबद्दल ते हळवे असतात आणि ते बरोबरच आहे. आणि भाषा हद्दीवर थांबते कुठे? शेजारच्या नागालँडमध्ये दिमापूरच्या बाजारात आओ जमातीची बाई भाजी विकते, घेणारा अंगामी जमातीचा, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, मग घासाघीस चालते ती नागामीजमध्ये, जी असमियातूनच तयार झालीय. जनगणना मातृभाषा विचारते, बाजारात काय बोलता ते नाही, त्यामुळे हे नकाशात उतरतच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी आणि असमिया दोघींना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण केवढे खूश होतो. बेळगावचा नकाशा निघाला की आपण गावागावाचा हिशोब मागतो, खानदेशात अहिराणीवाले पण विचारतात आम्ही कुठे आहोत, मग आसामच्या बाबतीत एका रंगावर का भागवायचं?

जनगणनेत मातृभाषेचे आकडे जिल्ह्याचेच काय तालुक्याचे पण मिळतात. तेवढे घेऊन नकाशा परत काढा, जिथे दोन-तीन भाषा आहेत तिथे पट्टे द्या, आणि खाली एक ओळ टाका की आकडे २०११ चे आहेत आणि फक्त मातृभाषेचे आहेत. शाळेतली मुलं पुरवणीतले नकाशे कापून वहीत चिकटवतात, म्हणून एवढा आग्रह करतोय.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे