निर्बंध उठवतानाच्या सूचनाही तितक्याच नेमक्या हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोविड-१९ च्या साथीचे निर्बंध शिथिल होऊ लागल्यापासून शाळांना जी परिपत्रके येत आहेत, त्यांच्या शेवटी हमखास असणाऱ्या एका ओळीबद्दल हे पत्र आहे. स्थानिक परिस्थिती पाहून शाळांनी आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा, अशा अर्थाची ती ओळ असते. वाचायला ती समजूतदार वाटते. शाळेच्या कार्यालयात बसून तिची अंमलबजावणी करू पाहणाऱ्याला मात्र तिचा अर्थ ‘काही बिघडले तर जबाबदारी तुमची’ असाच लागतो. निर्बंध लावताना हेच परिपत्रक किती बोलके होते! एका बाकावर किती मुले, दोन बाकांमध्ये किती अंतर, हात किती सेकंद धुवायचे, फाटकावर काय विचारायचे, हे सारे त्यात होते. तेच निर्बंध उठवण्याची वेळ आली तेव्हा तपशील आटला आणि उरला तो ‘उचित’ हा शब्द.

याचा परिणाम काय होतो, हे आमच्याच शाळेच्या फाटकावर पाहता येते. कपाळासमोर धरायचा तापमापक घेऊन आमचे सेवक रोज सकाळी साडेसहापासून उभे असतात. गारठ्याच्या दिवसांत बाहेरून चालत आलेल्या मुलांचे कपाळ थंड असते, त्यामुळे ते यंत्र ३३.१, ३३.४, ३२.९ असे आकडे दाखवते आणि सेवक ते इमानेइतबारे नोंदवहीत उतरवून घेतात. खरोखरच इतके कमी तापमान असलेले मूल चालत शाळेत येणार नाही, त्याला रुग्णालयात न्यावे लागेल, हे त्यांनाही कळते आणि मलाही. शिवाय या आजारात लक्षणे दिसण्याच्या आधीच संसर्ग पसरू लागतो, म्हणजे ताप मोजून त्याला फाटकावर अडवता येईल ही आशा पहिल्यापासूनच लंगडी होती. ती नोंदवही कोणी वाचत नाही. पण मोजणी थांबवा असेही कोणी लेखी कळवलेले नाही, म्हणून ती चालू आहे.

टेबले, बाक आणि दारांच्या कड्या जंतुनाशकाने पुसण्याचेही तेच. साथीच्या सुरुवातीला ही खबरदारी रास्त होती, कारण विषाणू नेमका कसा पसरतो हे तेव्हा पुरते कळलेले नव्हते. मात्र दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याचा धोका सर्वसाधारणपणे दर दहा हजार स्पर्शांत एकाहूनही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्येच सांगितले, आणि बंद, गर्दीच्या जागेत हा विषाणू हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच सुमारास आपल्या माहितीपत्रात नोंदवले. त्यानंतरही आमच्यासारख्या अनेक शाळांत जंतुनाशकाची पिंपे येत राहिली आणि खिडक्या बंदच राहिल्या. पुसणे डोळ्यांना दिसते, त्याचे छायाचित्र काढून अहवालाला जोडता येते. हवेचे छायाचित्र निघत नाही.

खिडक्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते बाकी सगळे सोडले तरी हे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२१ च्या मार्गदर्शिकेत निवासी नसलेल्या इमारतींसाठी दर माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा हा किमान दंडक दिला आहे. सेकंदाला किती लिटर हवा येते हे शाळा कशी मोजणार? पण कार्बन डायऑक्साइड मोजणारे हातात मावणारे यंत्र मिळते, आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा वायू दहा लाख भागांत साधारण सव्वाचारशे भाग असतो, तर माणसाच्या उच्छ्वासात तो चाळीस हजारांच्या आसपास. बंद वर्गातला आकडा अडीच हजारावर गेला, तर त्याचा सरळ अर्थ असा की तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या वीस श्वासांपैकी एक श्वास दुसऱ्या कोणाच्या तरी छातीतून निघालेल्या हवेचा आहे. आकडा हजाराच्या आत राखला, तर हेच प्रमाण सत्तर श्वासांत एकावर येते.

आम्ही एक यंत्र आठवडाभरासाठी उसने आणले आणि वर्गावर्गात ठेवून पाहिले. ज्या वर्गात सर्वांत वाईट आकडे आले, तिथे चार खिडक्या होत्या, पण दोन खिडक्यांसमोर जुन्या उत्तरपत्रिकांची कपाटे ढकललेली होती, तिसरी रंग देताना चौकटीला चिकटून बसली होती आणि चौथी रस्त्याच्या गोंगाटामुळे बाईच लावून घेत. पंखा मात्र जोरात फिरत होता. पंखा खोलीतलीच हवा ढवळतो, बाहेरची आणत नाही, हे विज्ञानाच्या तासाला सांगणारे आम्हीच त्याच्याखाली निर्धास्त होतो. कपाटे हलवली, छिन्नीने रंगाचा थर तोडून खिडकी मोकळी केली, समोरासमोरची दारे-खिडक्या उघडल्या, आणि तास संपायच्या आत आकडा निम्म्याहून खाली आला. गोंगाट वाढला हे खरे, आणि दुपारचे ऊन आता तिसऱ्या रांगेपर्यंत येते. या अडचणी खोट्या नाहीत. पण पडदे, बाकांची मांडणी आणि सोयीचे वेळापत्रक यांनी त्या सोडवता येतात, आणि त्यासाठी जंतुनाशकाच्या निधीतला थोडा भाग वापरायची मुभा हवी. तशी मुभा देणारी ओळ एकाही परिपत्रकात मला सापडली नाही.

मुखपट्टीबाबत मी आग्रही नाही, मात्र संदिग्धता नको. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये वयानुसार स्पष्ट फोड केली होती : पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती नको, सहा ते अकरा वयोगटाचा निर्णय संसर्गाचे प्रमाण आणि इतर परिस्थिती पाहून घ्यावा, बारा वर्षांपासून पुढे मोठ्यांचेच निकष लावावेत. सक्ती उठली की जिला अजून मुखपट्टी लावायची आहे तिचे काय, हा प्रश्न मात्र कागदावर कुठेच नाही. आमच्या सहावीतल्या एका मुलीच्या आजोबांवर कर्करोगाचे उपचार चालू आहेत. ती मुखपट्टी काढत नाही, आणि मधल्या सुट्टीत तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून हाक मारली जाते. मुखपट्टी लावणे ऐच्छिक झाले, याचा अर्थ लावणाऱ्याला लावू देणे असाही आहे, हे वर्गात वाचून दाखवता येईल अशा दोन ओळींत लिहिणे अवघड नव्हते.

आजारी मुलाने घरी राहावे, ही सूचना सर्व परिपत्रकांत आहे आणि ती योग्यच आहे. पण तिला सुरुंग लावणारी एक जुनी सवय आपण शाळांनीच जपली आहे, ती म्हणजे शंभर टक्के हजेरीचे बक्षीस. घसा दुखत असताना, नाक वाहत असताना केवळ हजेरीपटावर खाडा पडू नये म्हणून येणारी मुले दरवर्षी दिसतात, आणि आपण त्यांना व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवतो. निदान काही वर्षे हे बक्षीस बंद ठेवावे आणि आजारपणाची रजा हजेरीच्या टक्केवारीतून वगळावी, असा स्पष्ट आदेश हवा. शिक्षकांच्या रजेलाही हाच न्याय लावावा लागेल, कारण किरकोळ रजा संपलेला शिक्षक तापातही वर्गावर येतो. वर्गात एक मूल बाधित निघाले तर बाकीच्यांना घरी पाठवायचे की नाही, हेही एकदाचे ठरवून टाकावे. सध्या पालकांच्या समूहावर ज्याचा आवाज मोठा, त्याचे चालते.

पालकांकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या संमतीपत्रांविषयी एवढेच म्हणते की, ज्या कागदाने मुलाचे रक्षण होत नाही आणि फक्त संस्थेचे होते, त्याला आरोग्याची खबरदारी म्हणू नये.

आता अभ्यासाबद्दल, कारण मार्गदर्शक सूचना म्हटले की आरोग्याच्या पलीकडे कोणी पाहतच नाही. एप्रिल २०२० मध्ये १९० हून अधिक देशांतील सुमारे दीड अब्ज विद्यार्थी शाळेबाहेर होते. डेन्मार्कने त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून लहान मुलांचे वर्ग छोट्या गटांत, जमेल तेवढे उघड्यावर भरवून सुरू केले. युगांडात मात्र मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा, मधला थोडा काळ आणि काही इयत्ता वगळल्या, तर पूर्णपणे उघडायला २०२२ चा १० जानेवारी उजाडला. शाळा उघडल्या म्हणजे नुकसान थांबले, असे मात्र नाही. पाकिस्तानात २००५ च्या भूकंपानंतर बाधित भागातल्या शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी मुलांची चाचणी घेतली तेव्हा भूकंपरेषेजवळची मुले इतरांच्या दीड ते दोन वर्षे मागे असल्याचे आढळले. चौदा आठवड्यांची तूट शाळा सुरू झाल्यावर वाढत गेली. तिचे एक संभाव्य कारण अभ्यासकांनी सांगितले ते असे, की मुले जिथे थांबली होती तिथून शिकवण्याऐवजी पाठ्यपुस्तक जिथे पोचले होते तिथून शिकवणे सुरू झाले. आमच्या तिसरीच्या वर्गात आज अशी मुले आहेत, ज्यांनी पहिली आणि दुसरी घरी काढली; त्यांतली काही फळ्यावरचा शब्द अक्षरे मोजत उतरवतात आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतात. या मुलांसमोर तिसरीचा पहिला धडा उघडायचा की बाराखडी, हे ठरवण्याचा अधिकार वर्गशिक्षिकेला हवा, आणि त्यासाठी वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या सक्तीतून तिला सूट हवी. ‘आपल्या स्तरावर निर्णय’ हे शब्द जिथे खरोखर शोभले असते ती जागा ही, आणि नेमकी इथेच आम्हाला धड्यांच्या तारखा आखून आल्या आहेत.

आणखी एक गोष्ट, जिची आठवण शाळांना कोणी करून देत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या माहितीनुसार २०२० या एका वर्षात जगभरातील सुमारे २ कोटी ३० लाख बालकांचे नियमित लसीकरण अपुरे राहिले. २००९ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा होता. अशी मुले पुढे शाळेत येतात. गोवर या साथीच्या विषाणूपेक्षाही झपाट्याने हवेतून पसरतो, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहणे आणि राहिलेल्या मात्रांसाठी पालकांना आरोग्य केंद्रात पाठवणे हे काम तापमापकापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरेल. प्रवेश नाकारण्यासाठी त्याचा वापर होऊ नये, हेही त्याच ओळीत लिहावे लागेल.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या परिपत्रकात कोणती गोष्ट कोणत्या तारखेपासून बंद करायची हे नाव घेऊन लिहावे, कोणती कायम ठेवायची आणि का हे सांगावे, आणि रुग्ण पुन्हा वाढले तर कोणाच्या आदेशाने काय परत सुरू होईल तेही आधीच कळवावे. आमच्या फाटकावरच्या तापमानाच्या नोंदींची तिसरी वही या आठवड्यात संपते आहे. सेवकांनी काल विचारले, चौथी आणायची का? त्यांना मी अजून उत्तर दिलेले नाही.

आपली विश्वासू,
एक मुख्याध्यापिका