तुमच्याच हाताचे काम, चामड्यावाचून

पुणे

ती. बाबांस व ती. आईस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, मागे फोनवर तुम्ही ‘चामडे का सोडलेस?’ असे विचारलेत, त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, कारण ते घाईने देण्यासारखे नव्हते. कोल्हापुरी चपलांवर ज्या घराची चूल पेटली, त्या घरातील मुलीने चामडे वगळून पिशव्या, पाकिटे आणि कमरेचे पट्टे विकायला काढले, म्हणजे तिला घरच्या कामाची लाज वाटते, असे आपल्या नातेवाइकांना वाटले तर त्यांचा राग मला समजतो. तुम्हालाही तसेच वाटू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मला लाज कधीच वाटली नाही. ज्या समाजाने कातडे कमावणाऱ्याला गावाच्या कडेला ठेवले, तोच समाज त्या कातड्याचे जोडे पायात घालून मिरवत होता, हे तुमच्याच तोंडून ऐकत आम्ही मोठे झालो. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर झालेली मारहाण आपण सर्वांनी पाहिली आणि त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, हेही मला आठवते. म्हणूनच आमच्या ब्रँडच्या कोणत्याही मजकुरात ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’ किंवा ‘पवित्र’ हे शब्द येणार नाहीत, असा नियम मी सुरुवातीलाच केला. एका विक्रेत्याने ‘शुद्ध शाकाहारी पर्स’ अशी पाटी लावण्याची अट घातली, तेव्हा मी त्याची मालाची मागणीच सोडून दिली. या वस्तूत प्राण्यापासून मिळालेले काहीही वापरलेले नाही, एवढेच आम्ही लिहितो. ते खरे आहे, आणि त्यात कोणाच्या जातीवर किंवा ताटावर बोट ठेवलेले नाही.

मग चामडे का सोडले? आजोबा ज्या कातड्यावर काम करीत, ते गावात म्हातारपणाने किंवा आजाराने मेलेल्या जनावराचे असे आणि ते बाभळीच्या सालीत व हिरड्यात सावकाश कमावले जाई. आज बाजारात येणाऱ्या चामड्याचा मोठा भाग कत्तलखान्यातून येतो आणि जगभरातील बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. कानपूरच्या जाजमऊ भागात या उद्योगाच्या सांडपाण्याने गंगा आणि भूजल कसे नासले, हे सर्वज्ञात आहे, आणि कातडे कमावण्याच्या हौदांत उतरणारे मजूर कोणत्या वस्त्यांतून येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. निर्यातीच्या नोकरीत असताना मी असे कारखाने आतून पाहिले. तेथील माणसांचे हात पाहिले आणि वाहनात कोंबून आणलेल्या म्हशींचे डोळेही पाहिले. त्यानंतर मला त्या मालाची किंमत ठरवत बसणे जमेना. दोन्ही दुःखांना मी वेगळे करू शकत नाही आणि करू इच्छितही नाही.

तुमची दुसरी शंका अगदी रास्त होती, की चामड्याऐवजी रेक्झिन विकण्यात कसली नीती आली? ‘व्हीगन लेदर’, म्हणजे प्राण्यापासून न मिळवलेले ‘चामडे’, या नावाखाली बाजारात मिळणारा बहुतेक माल म्हणजे कापडावर पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसीचा थर दिलेले प्लास्टिक असते. दमट हवेत पॉलियुरेथेनचा थर हळूहळू विघटित होतो, त्याचे पोपडे सुटतात आणि काही वर्षांत ती पर्स कचऱ्यात जाते, जेथे ती कुजत नाही. फिलिपिन्समधील अननसाच्या पानांच्या धाग्यांपासून होणारे पिन्याटेक्स किंवा मेक्सिकोतील निवडुंगापासून होणारे डेझर्टो ही कापडे पुष्कळ बरी आहेत, परंतु त्यांतही टिकाऊपणासाठी कृत्रिम राळेचा काही अंश असतोच. तो लपवून ‘पूर्ण नैसर्गिक’ म्हणणे ही फसवणूक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, याचे मला मनापासून समाधान वाटले.

आम्ही सध्या दोनच मुख्य सामग्री वापरतो. पहिली कॉर्क, म्हणजे बाटलीचे बूच ज्यापासून करतात त्या ओक जातीच्या झाडाची साल, जी पोर्तुगालमधून येते. तेथे हे झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी एकदा त्याची साल काढतात आणि ती पुन्हा वाढते. दुसरी सामग्री जळगावकडील केळीचा धागा. केळीला एकदाच घड लागतो, त्यानंतर खोड कापावेच लागते आणि पुष्कळ ठिकाणी ते बांधावर कुजत पडते. त्याच खोडाच्या सोपांतून, म्हणजे एकावर एक असलेल्या थरांतून, यंत्राने धागा काढतात. त्याचे सुती ताण्यावर विणलेले कापड आम्ही पिशव्यांसाठी घेतो. पावसाळ्यात या कापडाला बुरशी लागण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येक पिशवीसोबत ती उन्हात कशी ठेवावी याची चिठ्ठी जाते.

बाबा, आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, “चामडे नाही, तर कारागिरी कसली?” कॉर्कची कड रापीने तासून पातळ करता येत नाही आणि घोटून चकचकीतही होत नाही, त्यामुळे प्रत्येक कड आत दुमडावी लागते किंवा तिला पट्टी लावावी लागते. चामड्यात आरीने पाडलेले भोक धाग्याभोवती पुन्हा आवळते, पण कॉर्कमध्ये ते तसेच उघडे राहते आणि टाके फार जवळ घातले तर तेवढ्या रेषेवर ते तिकिटासारखे फाटते. त्यामुळे सुई बारीक आणि टाका लांब ठेवावा लागतो, आणि ओढ कोठे येणार हे कापण्याआधीच ठरवावे लागते. खांद्यावरच्या पट्ट्यात आम्ही आतून सुती नवार घालतो, म्हणजे भार नवारीवर येतो आणि कॉर्कवर येत नाही. कोणत्या वस्तूला कोठे ताण बसतो हे बोटांनी ओळखणे मी तुमच्या शेजारी बसूनच शिकले, आणि त्यासाठी येथे कोणतेही यंत्र नाही. दोऱ्याला लावायचे मधमाशीचे मेण आणि सरस हेही आम्हाला चालत नाहीत, कारण दोन्ही प्राण्यांपासून येतात. दोऱ्यासाठी वनस्पतिजन्य मेण मिळाले. पाण्यात मिसळणारा गोंद मात्र पावसाळ्यात अजून दगा देतो.

आई, तू पैठणीचे जुने काठ पाठवतेस म्हणालीस. ते प्रेम मला कळते, पण रेशमासाठी कोशातला जीव उकळत्या पाण्यात जातो, म्हणून आम्ही अस्तरालाही रेशीम वापरत नाही. तुझ्याकडून मी दुसरेच घेतले आहे. चपलेच्या पट्ट्यावरची वेणी आयुष्यभर तूच विणलीस, आपल्या आळीतल्या सगळ्या घरांत ती बायकाच विणतात, आणि तिचा दर मात्र कोणत्याही व्यापाऱ्याच्या हिशेबात कधी वेगळा मांडला गेला नाही. चपलेची किंमत बाबांच्या हातात यायची आणि तुझे काम त्यात विरघळून जायचे. आमच्या पिशवीची मूठ तशाच वेणीची आहे, फक्त चामड्याच्या वादीऐवजी सुती दोर आहे, आणि हिशेबाच्या वहीत वेणीचा दर स्वतंत्र लिहिलेला आहे. तो विणणाऱ्या बाईच्या नावाने तिच्याच खात्यात जमा होतो. बांगलादेशात ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११३४ माणसे गेली. तेव्हापासून ‘नैतिक’ हा शब्द फॅशनच्या जगात फार वापरला जातो. माझ्यापुरता त्याचा अर्थ या वहीतल्या रकान्यापासून सुरू होतो. जनावराला वाचवून शिवणाऱ्या बाईला उपाशी ठेवणारा ब्रँड मला उभारायचा नाही.

सगळे सुटलेले नाही. चेन अजून नायलॉनची आहे, आणि सुती दोरा घामाने लवकर कुजत असल्याने भार पेलणाऱ्या शिवणीत पॉलिएस्टरचा दोरा आहे. हे आम्ही प्रत्येक वस्तूच्या माहितीत लिहितो. बकले पितळेची आहेत, म्हणून महाग पडतात, परंतु पिशवी संपली तरी ती काढून दुसरीकडे लावता येतात. शिवण उसवली तर दुरुस्ती आम्ही मोफत करतो. किंमत मात्र सर्वांना परवडेल अशी नाही, आणि मोठी दुकाने त्यातला इतका वाटा मागतात, की मजुरी न कापता त्यांना माल देणे शक्य होत नाही. त्यामुळे वाढ सावकाश आहे. मला ती तशीच हवी आहे.

एक गोष्ट मी करणार नाही, हे तुम्हाला ठाऊक असावे. ग्राहक वारंवार ‘व्हीगन कोल्हापुरी’ मागतात, आणि ती केली तर खूप खपेल. परंतु कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या कारागिरांच्या चामड्याच्या कामाला. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तसाच जोड दाखवला आणि आपल्या लोकांचे नावही घेतले नाही, तेव्हा तुम्ही किती अस्वस्थ होतात! ओरड झाल्यावर त्यांनी ते मान्य केले. त्याच नावावर मी कॉर्कचा जोड विकला, तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय उरेल? ते नाव तुमचे आहे. मी चपला करीत नाही.

आता विनंती. दिवाळीनंतर, गुडघ्याचे दुखणे परवानगी देईल तर, तुम्ही महिनाभर येथे यावे आणि आमच्याकडच्या मुलींना हाताची शिवण शिकवावी. त्यांचे हात चांगले आहेत, पण घाई फार करतात. शिकवण्याचा दर इतर प्रशिक्षकांइतकाच राहील आणि तो तुम्हाला घ्यावा लागेल. आईने सोबत यावे आणि वेणीचे काम तिने तपासावे. यायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण सोबत पाठवलेला कमरेचा पट्टा त्याआधी हातात घेऊन पाहा. बकलाजवळच्या भोकाशी तो ताणतो आहे. तेथे नवारीचा दुसरा थर द्यावा की भोकाला पितळी कडी लावावी, हे मला कळवा. पुढची कापणी तुमच्या उत्तरासाठी थांबवली आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची धाकटी