उन्हाळी शिबिरात बाल्साचं विमान का नाही?

मा. संपादक, स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की नागपुरात रोबोटिक्स, कोडिंगच्या शिबिरांच्या जाहिराती धडाधड सुरू होतात, फी बघून डोकं गरगरतं, पण पोरांकडून बाल्साच्या हलक्या लाकडाचं साधं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) करून घेणारं कोणी दिसत नाही राव. इक्वेडोरहून येणारं हे लाकूड ब्लेडने आरामात कापलं जातं. दीड मिलिमीटरची शीट पंखाला पुरते, फक्त लाकडाचे रेषे पंखाच्या लांबीला धरून हवेत, आडवे घेतले की मोडलाच समजा. पंखांची टोकं थोडी वर उचललेली ठेवायची म्हणजे विमान कलंडलं तरी स्वतःच सावरतं, अन् फेव्हिकॉल अगदी पातळ, वजन तिथेच वाढतं. मग तोल साधायला नाकाला क्ले. उडताना नाक वर करून डचमळलं तर क्ले वाढवा, सरळ खाली घुसलं तर चिमूटभर काढा. (पप्पालोकांनी हात आवरावे, पोरांना करू द्या!)

१८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत अल्फोन्स पेनो या फ्रेंच संशोधकाने रबराच्या पिळावर छोटं विमान ११ सेकंद उडवलं, मोटर नाही, रिमोट नाही.

शाळांनी आपली ग्राउंडं सकाळी सहा-सातला उघडी ठेवावी, तेव्हा वारा पडलेला असतो, नंतर ऊन तापलं की गरम हवेवर चढून विमान कोणाच्या गच्चीवर जाईल नेम नाही. सोनेगाव विमानतळाकडे मात्र नको.

– एक पालक, नागपूर