वळणाला एकच गुण देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत स्कीइंगमधील सेन्सरविषयी आलेला लेख मी इन्सब्रुकमध्ये वाचला. मी मूळची वाईची, पेशाने इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता असून गेली नऊ वर्षे ऑस्ट्रियात राहते आणि माझी अकरा वर्षांची मुलगी इथल्या स्की क्लबमध्ये शिकते. बुटाला सेन्सर लावला की प्रत्येक वळणाचा दर्जा मोबाइलवर आकड्यात कळतो आणि प्रशिक्षकाची गरज उरत नाही, असा त्या लेखाचा सूर होता. यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे. दुसरा मात्र मुलांच्या बाबतीत मला घातक वाटतो.

आधी सेन्सर नेमके काय मोजतो ते पाहू. स्की, म्हणजे बुटाखाली बसवायची लांब पट्टी, मधोमध अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते. तिच्या कडेची ही वक्रता म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या बहुतेक स्कींवर छापलेलीच असते. स्की कडेवर कलवली की ती बर्फात रुतते, वाकते आणि स्वतःहून वळते. जितका कल जास्त, तितके वळण लहान. कडक बर्फावर 14 मीटर त्रिज्येची स्की 30 अंश कलवली तर वळणाची त्रिज्या साधारण 12 मीटर येते आणि 60 अंशांवर ती 7 मीटर होते. म्हणून कडेचा कोन ही स्कीइंगमधली खरोखर मोलाची राशी आहे, आणि बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवरच्या पकडीत, घट्ट बसलेला असल्यामुळे बुटाचा कल मोजला की स्कीचा कल कळतो. वळण कुठे संपले आणि पुढचे कुठे सुरू झाले, वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय आधी कलला की आतल्या बाजूचा, दोघांच्या कोनांत किती फरक पडला, हे सारे उपकरण चांगले टिपते. उतारावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना हे इतक्या बारकाईने दिसत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

अडचण पुढे आहे. सेन्सरच्या डबीतला जायरोस्कोप कोन मोजतच नाही. तो फिरण्याचा वेग मोजतो, आणि त्या वेगाची क्षणाक्षणाची बेरीज करून कोन काढावा लागतो. बेरजेत चूक साचत जाते. ती दुरुस्त करण्यासाठी प्रवेगमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतो. पण वेगाने वळणाऱ्या माणसाच्या बुटावर गुरुत्वाकर्षणाइतकाच, कधी त्याहून मोठा, वळणाचा प्रवेग असतो आणि सेन्सरला हे दोन्ही मिसळूनच जाणवतात. म्हणजे ज्या क्षणी कोन सर्वांत महत्त्वाचा, त्याच क्षणी खाली कुठे आहे हे उपकरणाला सर्वांत कमी ठाऊक असते. चुंबकीय सेन्सरचा आधार घ्यावा, तर स्कीच्या कडा पोलादाच्या, त्या चुंबकीय दिशा बिघडवतात. दाब मोजणारे तळवे बुटात घातले तरी बुटाच्या उंच कवचातून नडगीमार्फत जाणारा जोर त्यांना दिसत नाही, आणि चांगल्या स्कीपटूचा बराच जोर तिथूनच जातो. या अडचणींवर गणिती उपाय आहेत आणि ते चांगले आहेत. पण उपाय म्हणजे अंदाज, आणि अंदाजाला चुकीची मर्यादा असते. ती मर्यादा वापरणाऱ्याच्या पडद्यावर येत नाही. येतो तो एकच ठसठशीत आकडा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलीला असे एक उपकरण घेऊन दिले. पहिले चार दिवस तिचा गुण वाढत गेला. पाचव्या दिवशी रात्रीच्या गारठ्याने उतार काचेसारखा टणक झाला होता आणि तिने शहाणपणाने कडा थोड्या सोडून, घसरत घसरत, छोटी वळणे घेतली. तिच्या प्रशिक्षिकेने तिला शाबासकी दिली. मोबाइलने गुण उतरवला. दुसऱ्या दिवशी त्याच टणक उतारावर मुलगी गुणासाठी कल वाढवायला गेली, बाहेरची स्की सुटली आणि ती कुंपणाच्या जाळीपर्यंत घरंगळली. सुदैवाने मनगट मुरगळण्यावर निभावले. उपकरणात दोष नव्हता, त्याने कोन बरोबरच मोजला असेल. पण कमी कोन म्हणजे वाईट वळण, हा निवाडा कोणीतरी आधीच त्यात घालून ठेवला होता आणि तो त्या बर्फाला लागू नव्हता.

त्यानंतर प्रशिक्षिकेने जे केले ते मला विसरता येत नाही. तिने खिशातले बसचे तिकीट काढले, चौघडी घातली, गुडघ्यांवर बसून मुलीच्या बुटाचे बक्कल सैल केले आणि ते तिकीट नडगी आणि बुटाची जीभ यांच्यामध्ये खोचून ठेवले. म्हणाली, "खाली पोहोचेपर्यंत हे पडू द्यायचे नाही." मागे झुकले की नडगी जिभेपासून सुटते आणि तिकीट निसटते. तीन खेपांना ते पडले, चौथ्या खेपेला टिकले. मग तिने मोबाइल मागितला, एकूण गुणाकडे पाहिलेही नाही, आणि डाव्या व उजव्या पायाच्या कलाचे आलेख शेजारी ठेवून मुलीला दाखवले की डावीकडच्या वळणात तिचा आतला पाय दर वेळी उशिरा कलतो. सेन्सरचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

मोजमापाला माझा विरोध नाही, उलट त्यावरच माझे पोट आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने ऑस्लोच्या क्रीडा दुखापत संशोधन केंद्राबरोबर 2006 पासून विश्वचषक खेळाडूंच्या दुखापतींची पद्धतशीर नोंद सुरू केली, आणि त्यापाठोपाठ झालेल्या मोजमापांच्या आधारे 2012-13 च्या हंगामात पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या, म्हणजे रोवलेल्या फाटकांमधून मोठी वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीच्या, स्कीची किमान त्रिज्या 27 वरून 35 मीटर झाली. पुढे 2017-18 पासून ती 30 करण्यात आली. शर्यतपटूंच्या पोशाखातली एअरबॅगही प्रवेगमापक आणि जायरोस्कोपवरच चालते. मात्र तिला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते: माणूस सावरू न शकण्याइतका पडला आहे की नाही? उडी मारून जमिनीवर आदळणे आणि पडणे यांतला फरक शिकण्यासाठी तिच्या निर्मात्यांना खऱ्या शर्यतपटूंच्या असंख्य नोंदी लागल्या. एवढ्या नेमक्या प्रश्नाला इतके कष्ट पडत असतील, तर "वळण चांगले होते का" या प्रश्नाचे उत्तर बर्फ, उतार, स्की आणि माणूस न विचारता एका आकड्यात कसे मावेल?

गुलमर्गचा आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. दाट हिमवृष्टीत झालेल्या जायंट स्लॅलममध्ये अनेकांना शर्यत पूर्णही करता आली नाही, तिथे तो 45वा आला. धूसर उजेडात, पायाखालचे बर्फ बदलत असताना कुठे कडा रोवायची आणि कुठे सोडून द्यायची, हा निर्णय त्याच्या त्या दिवसाच्या कामगिरीत आहे. नुसता कडेचा कोन हा निर्णय सांगणार नाही.

महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात अनेक तरुण गुलमर्ग आणि औलीला शिकायला जातात. तिथले प्रशिक्षक आणि आपल्याकडचे, अशी उपकरणे स्वस्तात बनवू शकणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी एकूण गुण दाखवूच नये. प्रत्येक वळणाचे दोन्ही पायांचे कोन आणि वेळा दाखवाव्यात, त्यातली चूक किती अंशांची असू शकते ते तिथेच लिहावे, आणि त्या दिवशीचे बर्फ कसे होते हे प्रशिक्षकाने स्वतः भरल्याशिवाय नोंद पुरी मानू नये. बारा वर्षांखालील मुलांना लिफ्टमध्ये बसल्या बसल्या मोबाइल पाहू देऊ नये. दिवस संपल्यावर प्रशिक्षकाने पाच मिनिटे सोबत बसून दाखवावा. आपणही या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा एखाद्या उपकरणाचा गुण छापण्याआधी तो कोणत्या उतारावर, कोणत्या बर्फावर आणि कशाशी पडताळून ठरवला, हे निर्मात्याला विचारावे, ही नम्र विनंती.

आपली,
एक वाचक, इन्सब्रुक