फोन ठेवायला शिकवलंस, त्याबद्दल थँक यू दादा

दादा,

तुझा आत्ताचा पत्ता, नंबर, ईमेल काहीच नाहीये माझ्याकडे, म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय, कुणीतरी ओळखीचं वाचेल आणि तुला फॉरवर्ड करेल. नाव मुद्दाम टाकत नाही, तुला चालणार नाही हे माहितीये. १९९३, शिकागोजवळचं शॉमबर्ग, दोन बेडरूमचं अपार्टमेंट, त्यात चार कॉन्ट्रॅक्टवाले आणि फोन लाइन एक, आणि तू सांगलीचा. एवढ्यावरून कळलं नाही तर तू तो नव्हेसच.

आभार कशाचे, तर एका सॉफ्टवेअरचे. ते काही तू लिहिलेलं नव्हतं, पण फ्लॉपी तू दिलीस आणि मागे खुर्ची ओढून बसून सगळं सेट करून दिलंस. एसएलएमआर. म्हणजे सिली लिटल मेल रीडर, बीबीएसवरचे मेसेज वाचायचा प्रोग्रॅम. आपल्याच प्रोग्रॅमला असलं नाव ठेवणारा माणूस मला तेव्हाच आवडून गेला होता.

आता हे वाचणाऱ्यांत निम्मे लोक असे असतील की ज्यांना बीबीएस म्हणजे काय तेच माहिती नाही, तर त्यांच्यासाठी थोडक्यात, बुलेटिन बोर्ड सिस्टिम, आपण नुसतं बोर्ड म्हणायचो. कुणीतरी हौशी माणूस आपल्या घरच्या पीसीला मोडेम आणि फोन लाइन जोडून ठेवायचा, त्याला म्हणायचे सिसॉप, आणि आपण आपल्या मोडेमवरून त्याचा नंबर फिरवायचा की आत शिरता यायचं, मेसेज वाचा, लिहा, फाइली उतरवा. लाइन एकच असेल तर एका वेळी माणूसही एकच, बाकीच्यांना एंगेज टोन. आणि हे सगळं सुरू झालं ते शिकागोतच, १९७८ च्या हिमवादळात घरी अडकल्यावर वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघांनी पहिला बोर्ड उभा केला, फेब्रुवारीत तो चालू झाला. हे मला तूच सांगितलंस, आणि वर हेही की आपला मोडेम ज्या यूएस रोबोटिक्सचा आहे ती कंपनी इथे स्कोकीत, अर्ध्या तासावर, आणि फाइली दाबून लहान करणारं, झिप करणारं पीकेझिप वर मिलवॉकीचं. तू हे असं सांगायचास की जणू ही सगळी तुझ्या गावची मंडळी.

तर मी आलो तेव्हा मी रोज रात्री जेवण झालं की डायल करायचो आणि ऑनलाइन बसून एकेक मेसेज वाचायचो, २४०० चा मोडेम, म्हणजे सेकंदाला साधारण २४० अक्षरं, स्क्रीन वरून खाली भरताना डोळ्यांना दिसायची. मेसेज वाचला, एंटर, पुढचा, एंटर, आणि मध्येच बोर्ड सांगायचा की तुमची आता इतकी मिनिटं राहिली. दिवसाला पाऊण तास, फार तर तास. पीसीओवर मागे लोक ताटकळत असताना बोलावं तसं वाटायचं सगळं. उत्तर लिहायचं तर त्यातही घड्याळ चालूच, त्यामुळे जे सुचेल ते खरडायचं, बोर्डाच्या त्या लाइन एडिटरमध्ये मागची ओळ दुरुस्त करायची म्हणजे एक उद्योगच होता, म्हणून स्पेलिंगही तसंच सोडून द्यायचं. बरं शिकागोच्या आसपास अंतराप्रमाणे कॉलचे दर बदलायचे, चांगले बोर्ड नेमके लांबचे. आणि लाइन अडकलेली राहायची ती वेगळीच. माझी आई साताऱ्याच्या आयएसडी बूथवर जाऊन उभी राहायची आणि तिकडून तिला एंगेजच लागायचा. कॉल वेटिंग होतं आपल्याकडे, पण त्याची बीप आली की मोडेमचं कनेक्शन तुटायचं, म्हणून नंबरच्या आधी *७० लावून ते बंद करून ठेवायचं, मग बाहेरच्याला एंगेजच ऐकू येणार ना.

तू हे काही दिवस बघितलंस आणि एकदा मागून म्हणालास, "लेका, मेसेज वाचायला फोन लागतच नाही. आणायला लागतो फक्त."

बास, एवढंच वाक्य. त्या काळात मला कुणी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट असेल ती.

मग तू दाखवलंस. बोर्डावर लॉगिन झालं की मेल डोअर, म्हणजे मेसेजचं गाठोडं बांधून देणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, उघडायचं, एकदाच काय ते आपल्याला हवे ते कॉन्फरन्स, म्हणजे विषयवार चर्चा, टिक करून ठेवायचे, मग रोज फक्त डाउनलोड म्हणायचं. तो बिचारा बसून मागच्या वेळेनंतरचे सगळे मेसेज गोळा करणार, झिप करणार, आणि झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने पाठवून देणार. बोर्डाचं छोटं नाव आणि पुढे डॉट क्यूडब्ल्यूके अशी एकच फाइल, तेच पॅकेट. दोनेकशे मेसेज असले तरी २४०० वर आठ-दहा मिनिटांत खाली. आणि मग फोन ठेवायचा! मोडेमचा लाल दिवा गेला, लाइन मोकळी, आणि सगळी चर्चा आपल्या हार्ड डिस्कवर. एसएलएमआरमध्ये ते पॅकेट उघडायचं, निवांत वाचायचं, चहा करून यायचा, परत वाचायचं. उत्तरं लिहिली की ती आरईपी नावाच्या पॅकेटमध्ये जमा होत जायची, दुसऱ्या दिवशी डायल केलं की आधी ते वर चढवायचं आणि नवीन पॅकेट घेऊन बाहेर. सगळं मिळून चहा उकळेपर्यंत. एक रीडर सगळ्या बोर्डांना चालायचा हे तर मला खरंच भारी वाटलं, प्रत्येक बोर्डाचे मेनू वेगळे, कळा वेगळ्या, पण घरी आल्यावर सगळं एकाच साच्यात. तो क्यूडब्ल्यूकेचा साचा १९८७ मध्ये मार्क हेरिंग नावाच्या माणसाने काढला, पीसीबोर्ड या बीबीएस सॉफ्टवेअरसाठी, आणि मग बाकी सगळ्यांनी उचलला.

तुझ्यातला शिक्षक इथे थांबायला तयार नव्हता. तू पॅकेट फोडून आतल्या फाइली दाखवल्यास. एकात बोर्डाची माहिती आणि कॉन्फरन्सची यादी, दुसऱ्यात सगळे मेसेज एकापाठोपाठ, १२८ बाइटच्या ठोकळ्यांत, कारण पीसीबोर्ड स्वतः तसंच साठवायचा. विषयाला २५ अक्षरं, एक जास्त नाही, त्यामुळे लोकांचे सब्जेक्ट कायम अर्धवट तुटलेले. आणि ती पायची गंमत! ओळ संपली हे सांगायला नेहमीचं एंटर न वापरता २२७ नंबरचं अक्षर, जे डॉसच्या स्क्रीनवर ग्रीक पाय दिसायचं. म्हणजे गणिताच्या कॉन्फरन्समध्ये कुणी खरंच तो पाय टाकला की त्याची ओळ तिथेच तुटणार. तू हे सांगून इतका हसलास की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठी ठोकली.

पण मी पत्र लिहायला बसलो ते या गमतीसाठी नाही. किल्लारीसाठी.

३० सप्टेंबरची पहाट तिकडे, आपल्याकडे २९ तारखेची, बुधवारची संध्याकाळ. तिकडे आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. आपल्या चौघांतला तो औश्याचा पोरगा कामावरून आला आणि टीव्हीवर नुसतं महाराष्ट्र, भूकंप, एवढंच ऐकलं आणि फोनला चिकटला. लागतच नव्हता. सर्किट बिझी, सर्किट बिझी. त्या रात्री घरातल्या सगळ्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या, त्याला फोन आणि आपल्याला बातमी, आणि लाइन एक. मी एकटा असतो तर बोर्डावर जाऊन तासभर शोधत बसलो असतो, त्याला म्हटलं असतं थांब जरा. तू घड्याळ बघून म्हणालास, दहा मिनिटं दे. यूजनेटचे, म्हणजे इंटरनेटवरच्या जगभरच्या चर्चांचे, ग्रुप येणारा तो बोर्ड लावलास, बाकी सगळे कॉन्फरन्स बंद करून फक्त सॉक कल्चर इंडियन हा भारतीयांचा ग्रुप ठेवलंस, पॅकेट ओढलंस, आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिलास. तो डायल करत राहिला आणि आपण दोघं आतल्या खोलीत पॅकेट वाचत. दर दोन-तीन तासांनी परत तेच. पहिल्या पॅकेटमध्ये काहीच नव्हतं, कुणाचं तरी व्हिसाचं भांडण. मग यायला लागलं, कुणी एजन्सीची बातमी टाइप केलेली, कुणाला सोलापूरला फोन लागला होता त्याने ऐकलेलं, गावांची नावं, रोमनमध्ये, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. तू रीडरच्या सर्चमध्ये किल्लारी चार प्रकारे लिहून शोधत होतास, सास्तूर, उमरगा, औसा, आणि जे सापडेल ते वहीत उतरवत होतास, बाजूला वेळ आणि कुणी लिहिलंय ते. "ऐकीव" असं काहींच्या पुढे लिहायचास. त्याला वहीतलं फक्त तेवढंच वाचून दाखवलंस जे दोघातिघांनी वेगवेगळं लिहिलं होतं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्यात, हे नंतर कळलं.

त्याचा फोन लागला दुसऱ्या दिवशी. घराला तडे, माणसं सुखरूप. तो रिसीव्हर धरून खाली बसला आणि तू किचनमध्ये जाऊन भांडी घासायला लागलास, नळ फुल्ल सोडून. त्या दोन दिवसांबद्दल तुला कुणीच थँक यू म्हटलं नव्हतं, मीही नाही, आपल्यात म्हणायची पद्धतच नव्हती. तर ते आत्ता म्हणतोय, त्याच्या वतीनेही.

त्यानंतर मी बोर्डावर जास्त लिहायला लागलो, आणि तुझे नियम सुरू झाले. सगळं पॅकेट वाचल्याशिवाय रिप्लाय दाबायचा नाही, कारण तू जे लिहिणारेस ते पुढे कुणीतरी आधीच लिहिलेलं असतं. समोरच्याचा अख्खा मेसेज कोट करायचा नाही, दोन ओळी ठेवायच्या, रीडर त्याची आद्याक्षरं लावून देतो तेवढं पुरे. चिडून लिहिलेलं आरईपीमध्ये ठेवायचं पण सकाळी अपलोडच्या आधी परत उघडून बघायचं. या शेवटच्या नियमाने माझी किती भांडणं वाचली सांगू. ऑनलाइन असतो तर सगळी झाली असती. (तुझं ते टेक्सासवाल्याशी ओएस टू या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून झालेलं भांडण मात्र कुठल्याच नियमात बसत नव्हतं, ते असो.)

टॅगलाइनी पण तुझ्याच. एसएलएमआर प्रत्येक मेसेजच्या खाली आपलं नाव आणि एक ओळ चिकटवायचा, लोक एकमेकांच्या ओळी सरळ चोरायचे, त्यासाठी रीडरमध्ये खास बटण. तू रोमनमध्ये मराठी म्हणी भरून ठेवल्यास, आणि ओहायोतला कुणीतरी "नाचता येईना अंगण वाकडं" ही ओळ अर्थ न कळता चोरून महिनोनमहिने वापरत होता, हे आठवलं की मी आजही एकटा हसतो.

पुढे तू ब्लू वेव्ह या दुसऱ्या रीडरकडे गेलास, त्यात कुठले एरिया, म्हणजे कॉन्फरन्स, हवेत ते पण घरी बसून बदलता यायचं, फाइल हवी असली तर तीही ऑफलाइन मागवून ठेवता यायची. मला पटलं होतं पण मी एसएलएमआर सोडला नाही. सवय. मग तू डॅलसला गेलास, मी ९६ ला परत आलो, इकडे विदेश संचारचं इंटरनेट आलेलं होतं, बोर्ड एकेक करून बंद पडले आणि आपलं जे काही होतं ते ख्रिसमस कार्डावर आलं आणि मग तेही थांबलं. ईमेल सगळ्यांकडे आल्यावर संपर्क तुटला, हे जरा विचित्रच आहे.

आता हे का आठवलं, तर वॉर्ड क्रिस्टेन्सन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेले ते वाचलं आणि सहज शोधायला लागलो. तुला माहितीये का माहिती नाही, पण हे सगळं अजून चालू आहे रे. सिंक्रोनेट नावाचं बीबीएस सॉफ्टवेअर, नव्वदच्या सुरुवातीचं, रॉब स्विंडेल अजून त्याच्यावर काम करतोय, फोनऐवजी इंटरनेटवरून, टेलनेटने जायचं, आणि आत क्यूडब्ल्यूके पॅकेट तसंच्या तसं मिळतं. वाचायला मल्टिमेल आहे, दोन हंगेरियन पोरांनी सुरू केलेलं, मग विल्यम मॅकब्राइनने पुढे नेलं, फुकट आहे, लिनक्स, विंडोज, अगदी डॉसवर पण चालतं, आणि ब्लू वेव्हची पॅकेटंही उघडतं, म्हणजे तुझी सोय आहे. मी रत्नागिरीला जाताना कोकण रेल्वेत वाचतो. बोगद्यांमागून बोगदे, नेटवर्क जातंयेतं, डबाभर लोक मोबाइल खिडकीकडे धरून बसलेले, माझं काही अडत नाही.

आणि तुझ्यासाठी एक शोध लावलाय. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे आज अक्षरं साठवायची जी पद्धत आहे तीत, ३ बाइट खातं, म्हणजे २५ बाइटच्या सब्जेक्टमध्ये आपली जेमतेम ८ चिन्हं बसणार, तेवढ्यात "किल्लारी" हा एक शब्दच बसतो. पण गंमत म्हणजे त्या बाइटांत २२७ कधीच येत नाही, त्यामुळे तुझ्या त्या पायमुळे मराठी ओळ तुटत नाही. जपानी हिरागाना मात्र सुरूच २२७ ने होते, त्यांचे वांधे. स्क्रीनवर देवनागरी नीट दिसेलच याची गॅरंटी नाही, वाटेत तरी तुटत नाही एवढं नक्की.

तर मल्टिमेल उतरवून घे, सेट करायला काही लागलं तर यावेळी मी मागे खुर्ची टाकून बसतो. मी डव्ह-नेटवर, सिंक्रोनेटच्या बोर्डांना जोडणाऱ्या मेसेजच्या जाळ्यावर, असतो, पॅकेट दिवसातून एकदाच उचलतो, रात्री. तू लिहिलंस तर उत्तर दुसऱ्या दिवशी येईल, सगळं वाचून झाल्यावर.

तुझा,
साताऱ्याचा रूममेट