बंधाऱ्यावरच्या झाडांविषयी, विनूस

प्रिय विनू,

तुझं पत्र पोचलं. गावच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यालगत फिरायला वाट होतेय आणि तिथे झाडं लावायचं ठरतंय, हे वाचून लगेच लिहायला बसलो. सभेत गुलमोहराचं नाव पुढे आलंय म्हणतोस. तेवढं थांबव रे! फुलतो देखणा, पण मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा इथे झाडं कशी कोसळली ते मी पाहिलंय.

वांद्र्याच्या कार्टर रोडला मी फिरायला जातो. सगळे समुद्र बघतात, मला हल्ली झाडांवरून नजर काढवत नाही. खारा वारा समुद्राकडचे कोवळे कोंब जाळून टाकतो, आडोशाचे तेवढे वाढतात. म्हणून शेंडे समुद्राकडे पाठ करून आतल्या बाजूला कललेले. एवढं सोसून ती आपल्याला सावली देतात, आणि त्यांच्याकडे मान वर करून कुणी बघत नाही, याचं फार वाईट वाटतं.

देशी बदाम तर किनाऱ्याचाच. थंडी सरताना पानं लालभडक होऊन गळतात. फळाचं साल हलकं, तंतुमय. ते पाण्यावर तरंगत जातं आणि कुठल्या तरी दूरच्या वाळूत रुजतं.

पण माझा जीव भेंडीच्या झाडावर. भाजीची नव्हे, रानभेंडीची, जिला पारोसा पिंपळ म्हणतात ती. फूल उमलतं पिवळंधमक, आत गडद लाल डोळा. दिवस कलला की तांबूस होत जातं. एकाच फांदीवर आजचं पिवळं आणि कालचं तांबडं फूल शेजारी बघ, पाय निघत नाही.

कठड्याखालची तिवरं, म्हणजे खारफुटी, मात्र आपली आपण वाढलेली. पान बोटाने पुसून जिभेला लाव, चक्क खारट! मुळांतून आलेलं मीठ ती पानांवाटे बाहेर टाकतात. तुमच्या खाडीच्या तोंडाशी असतील तर वाटेच्या नावाखाली तिथे भराव पडू देऊ नकोस.

आणि उंडी! जिचं कडू तेल पूर्वी दिव्यात जळायचं, ती तुमच्या दारची. चिवट चकचकीत पानं, गर्द सावली, पांढऱ्या फुलांना मंद वास. वाढायला वेळ लावते, म्हणून लोक सुरूच्या झाडांकडे वळतात. तुम्ही धीर धरा. बियांचं कवच अलगद फोडून पेरलंत तर लवकर रुजतात. अण्णांना सांग, पडलेल्या बिया आत्तापासून वेचून ठेवायला.

सभेची तारीख कळव. जमवून येतोच, दोघं मिळून बोलू.

तुझा,
शरद